आडनावाचा रकाना रिकामा राहू द्या

जयसिंगपूरच्या आमच्या गटातल्या बऱ्याच जणी फक्त स्वतःचं नाव लावतात. नवऱ्याचं नाही, बापाचं नाही, जात सांगणारं आडनाव तर नाहीच. ही कुणाची हौस नाही. टाकलेल्या बाईनं टाकून गेलेल्याचंच नाव आयुष्यभर का वागवायचं? देवदासीच्या मुलीनं बापाचं नाव आणायचं कुठून? आडनाव ऐकून घरमालक खोली नाकारतो, तर ते आडनाव आपणहून पुढं का करायचं?

सभेत, मोर्चात, पत्रकावर एकच नाव चालून जातं. पुस्तक काढायचं म्हटलं की अडतं. पुस्तक छापून भागत नाही, त्याची माहितीही संगणकात भरावी लागते: पुस्तकाचं नाव, लेखिका, भाषा, किंमत, आयएसबीएन. ग्रंथालयं, दुकानदार आणि वाचक त्या माहितीवरूनच पुस्तक शोधतात. तिथं ‘नाव’ आणि ‘आडनाव’ असे दोन रकाने असतात आणि दुसरा भरल्याशिवाय पान पुढं सरकत नाही. माझ्या पुस्तकाच्या वेळी प्रकाशकाच्या माणसानं मला न विचारता तिथं नवऱ्याचं आडनाव घातलं. मुखपृष्ठावर मी एक आणि दुकानाच्या यादीत दुसरीच कुणी! आमच्यातल्या एकीच्या आडनावाच्या जागी टिंब आलं, दुसरीचं स्वतःचंच नाव दोनदा आलं. जाब विचारला की उत्तर ठरलेलं, “मशिनला लागतं हो, ताई.”

मैत्रिणींनो, मशिनला काही लागत नाही. जगभरचे प्रकाशक ज्या ‘ऑनिक्स’ पद्धतीनं पुस्तकांची माहिती एकमेकांना पाठवतात, तिच्यात ज्यावरून यादीत क्रम लावायचा ते मुख्य नाव तेवढं हवं असतं. एकच नाव असेल तर ते तिथं लिहायचं, त्याच्या आधीच्या नावाची जागा मोकळी राहिली तरी चालते. ग्रंथालयांच्या ‘मार्क’ पद्धतीत लेखकाच्या नोंदीला ० हा खुणेचा आकडा दिला की ती नोंद व्यक्तीच्या नावाखाली लागते, १ दिला की आडनावाखाली. संशोधकांना क्रमांक देणाऱ्या ‘ऑर्किड’मध्ये पहिलं नाव सक्तीचं आहे, आडनाव ऐच्छिक. म्हणजे सोय आहेच. अर्ज तयार करणाऱ्यानं ती ठेवली नाही, आणि भरणाऱ्यानं बाईला विचारलं नाही.

आपल्या देशातल्या ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे शियाळी रामामृत रंगनाथन यांचंच नाव घ्या. शियाळी हे गाव, रामामृत वडील आणि रंगनाथन हे स्वतःचं नाव. यात आडनाव कुठं आहे? आमचं जयसिंगपूरही तसंच. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये हे गाव वसवलं आणि आपल्या जन्मदात्या वडिलांचं, जयसिंगराव घाटगे यांचं नाव त्याला दिलं. गावाला नुसतं नाव पुरलं, घाटगे लावावं लागलं नाही. बाईला मात्र पुरत नाही!

मराठी वाचकाला एकशब्दी नाव नवं आहे का? जनाबाईला कुणी आडनाव विचारलं नाही. अनिल, ग्रेस, बी, कुसुमाग्रज ही नावं कपाटात सुखानं नांदतात. कुसुमाग्रज म्हणजे कुसुमचा थोरला भाऊ. नाव घडलं तेही बहिणीच्या नावावरून. सानिया या एका शब्दाखाली लिहिलेल्या कथा आपण वाचतोच. म्हणजे घेतलेलं टोपणनाव एका शब्दाचं असलं तर चालतं, पण बाईनं स्वतःचं खरं नाव एकटं लावलं तर ते अपुरं ठरतं. हा नियम कुठल्या शास्त्रात बसतो?

एक आक्षेप रास्त आहे: एकाच नावाच्या दहा जणी असल्या तर ओळखायचं कसं? पण आडनावानं तरी कुठं ओळख पटते? एकाच गावात एकाच नावा-आडनावाच्या चार जणी सापडतात. शिवाय बाईचं आडनाव लग्नानं बदलतं. बाळूताई खरे, विभावरी शिरूरकर आणि मालती बेडेकर या तिघी एकच, हे सांगायला आजही टीप द्यावी लागते. ओळख पटवायला जन्मसाल आहे, ‘ऑर्किड’ किंवा ‘आयएसएनआय’चा सोळा अंकी क्रमांक आहे. ते काम नवऱ्याच्या आडनावावर ढकलायचं कारण नाही.

२०२४ मध्ये राज्य सरकारनं मुलाच्या नावापुढं आईचं नाव लावण्याचा निर्णय केला. त्याचं स्वागतच आहे. पण त्यातही शेवटी बापाचं नाव आणि आडनाव आहेच, आणि लग्न झालेल्या बाईच्या नावापुढं नवरा कायम आहे. आईचं नाव वाढवणं ही एक पायरी झाली. आईला तिच्या एकट्या नावानं उभं राहू देणं अजून बाकी आहे.

म्हणून प्रत्येक गटानं पुस्तक छापायला देताना चार ओळी लेखी द्याव्यात. लेखिकेचं नाव मुखपृष्ठावर आहे तसंच सगळीकडे जाईल. एकच नाव असेल तर ते मुख्य नावाच्या जागी, दुसरी जागा रिकामी. आडनावाचा रकाना सक्तीचाच असेल तर त्यात तिचंच नाव. टिंब नाही, दोनदा नाही, नवरा नाही. आणि नोंद पाठवण्याआधी ती लेखिकेला दाखवायची.

हे मान्य नसेल त्या प्रकाशकाकडे आपलं पुस्तक देऊ नका.