गोठ्यातील रोग, घरातील मौन

बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशात असला, तरी वैनगंगेने तो गोंदिया-भंडाऱ्याशी जोडला आहे. गवळाऊ जातीच्या पांढऱ्या गुरांचा हा मुलूख. तेथील गोठा काय किंवा आमच्या सत्तरी-पेडण्यातील गोठा काय, गाभण गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली, की दृष्ट लागली असे म्हणून स्वस्थ बसण्याची वृत्ती सारखीच. अडकलेली वार उघड्या हाताने काढणाऱ्या मालकाला पुढे काही आठवड्यांनी ताप भरतो, रात्री घामाने अंथरूण भिजते, सांधे धरतात आणि एखाद्याचा वृषण सुजून ठणकू लागतो. या दोन घटनांचा संबंध त्याच्या ध्यानीमनी नसतो. संबंध मात्र असू शकतो; त्याचे नाव ब्रुसेलोसिस.

या रोगाचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ साली माल्टा बेटावर शोधला, आणि तो शेळीच्या दुधातून माणसात येतो हे थेमिस्टोक्लीस झमिट यांनी १९०५ साली दाखविले. धारोष्ण दुधाची थोरवी आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो; परंतु हा जंतू श्रद्धा ओळखत नाही, तो फक्त उकळी ओळखतो.

खरी अडचण लाजेची आहे. पुरुष हे दुखणे घरात सांगत नाही, अंडवृद्धी समजून लेप लावीत बसतो. विकार दोन्ही बाजूंना पसरला तर वंध्यत्व येऊ शकते, आणि मूल न झाल्याचा दोष मात्र सुनेच्या माथी मारला जातो! वास्तविक रक्ततपासणीने निदान होते. डॉक्सिसायक्लिनसह दुसरे योग्य औषध सुमारे सहा आठवडे घेतल्यास रोग बहुधा आटोक्यात येतो. ताप उतरला म्हणून औषध सोडणाऱ्यावर तो उलटतो. रुग्णाने गुरांशी असलेला संबंध डॉक्टरांना सांगावा आणि न सांगितल्यास डॉक्टरांनी तो विचारावा, एवढी साधी अपेक्षा आहे.

काही देशांनी रोगी जनावरे मारून हा रोग निपटला. गोव्यात १९७८ पासून आणि मध्य प्रदेशात २००४ पासून गोवधबंदीचा स्वतंत्र कायदा आहे. तो मार्ग आपला नव्हे. म्हणूनच लसीकरणाची जबाबदारी आपल्यावर दुप्पट येते. चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला एकदाच टोचायची ही लस २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात समाविष्ट आहे. ती जिवंत जंतूंची असल्याने टोचणाऱ्याच्या हातातही मोजे हवेत. गाभडलेल्या गाईची वार उकिरड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरावी आणि अशी गाय तपासणीवाचून बाजारात नेऊ नये.

गाईला माता म्हणणाऱ्या समाजाने तिचे दुखणे लपवू नये, आणि स्वतःचेही लपवू नये. गोसेवेची सुरुवात पूजेच्या ताटापासून नव्हे, कालवडीच्या लसीपासून व्हावी, असे आम्हांस वाटते.