वर्गणी, पावती आणि ई-मेलचा पत्ता

गिरगावातील चाळ असो वा लालबाग-परळची गल्ली, गणेशोत्सव मंडळाचे पावतीपुस्तक दाराशी आले की वर्गणी दिली जाते आणि देणाऱ्याच्या हाती पावती पडते. थोडी मोठी रक्कम देणाऱ्या दुकानदाराचे नाव स्मरणिकेत छापून येते. खर्च मोजक्यांचा, लाभ सर्वांचा आणि मोबदल्यात नावाची नोंद, हा हिशेब मध्य मुंबईला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे काही प्रकल्पही याच हिशेबाकडे वळले आहेत. त्यांची पावती म्हणजे प्रकल्पाच्या नावाचा ई-मेल पत्ता.

कारण सरळ आहे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर कोणालाही उतरवून घेता येते, बदलता येते, वाटता येते. त्यामुळे ते विकून चरितार्थ चालत नाही. प्रकल्पाचे डोमेन नाव मात्र जगात एकच असते. लिनक्स फाउंडेशनने २००९ साली ‘लिनक्स डॉट कॉम’ हे नाव हाती घेतले आणि पुढे वर्षाला ९९ डॉलर देणाऱ्या वैयक्तिक सभासदांना त्या नावाचा पत्ता देऊ केला. तो पत्ता ही केवळ पाटी होती. त्यावर आलेले पत्र सभासदाच्या नेहमीच्या पेटीत पाठवले जाई. खर्च नगण्य, मिरवण्याचे समाधान मोठे. (डेबियन प्रकल्पात असा पत्ता विकत मिळत नाही. तेथे प्रत्यक्ष काम करून मान्यताप्राप्त सदस्य व्हावे लागते.)

थंडरबर्डने २०२५ मध्ये जाहीर केलेली ‘थंडरमेल’ योजना याहून धाडसी आहे. ई-मेल वाचण्याचे हे जुने सॉफ्टवेअर प्रामुख्याने देणग्यांवर चालते; २०२२ साली त्याला सुमारे ६४ लाख डॉलर मिळाले. आता पाटीबरोबर घरही द्यायचे, म्हणजे पैसे घेऊन संपूर्ण टपालपेटी चालवायची, असा हा बेत आहे. मग सर्व्हर, साठवण, कचरा-पत्रांचा बंदोबस्त आणि तक्रारींचे निवारण हेही प्रकल्पाच्या अंगावर येते. एखाद्या ग्राहकाने त्याच नावावरून फसवी पत्रे धाडली, तर इतरांचीही पत्रे अडवली जाऊ शकतात. थंडरबर्डने ग्राहकांसाठी ‘थंडरमेल डॉट कॉम’ आणि ‘टीबी डॉट प्रो’ ही वेगळी नावे निवडली, हे शहाणपणाचेच म्हणावे लागेल.

पत्ता एकदा दिला की तो परत घेता येत नाही, हे मुंबईकरांना कोणी सांगायला नको. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा या शहरातील ग्राहकांच्या पत्त्यात ‘व्हीएसएनएल’ ही अक्षरे असत. निगमाची सूत्रे २००२ साली टाटा समूहाकडे गेली, २००८ मध्ये कंपनीचे नावही बदलले. तरी लेटरहेडवर आणि व्हिजिटिंग कार्डावर ‘व्हीएसएनएल’ पुढेही अनेक वर्षे दिसत राहिले. बँक, प्राप्तिकर, नातलग अशा सर्वांना एकदा कळवलेला पत्ता माणूस सहसा बदलत नाही. प्रकल्पाला दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे मिळतात ते याच सवयीमुळे, आणि पत्ते वाटल्यावर दुकान बंद करण्याची सोय राहत नाही तीही याच सवयीमुळे.

मराठी मुक्तस्रोताला हा मार्ग चालेल काय? मुंबईच्या फ्रापे या कंपनीचे ‘ईआरपीनेक्स्ट’ फुकट मिळते आणि कंपनी ते चालवून देण्याचे पैसे घेते. मुंबईच्याच एक टाइपचा ‘मुक्त’ हा देवनागरी टंकही मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. ज्यांच्यामागे अशी संस्था नाही, त्या शुद्धलेखन-तपासणीच्या वा भाषांतराच्या स्वयंसेवी कामांची पंचाईत आहे. पाचशे जणांनी वर्षाला हजार रुपये दिले तर पाच लाख होतात. लिनक्सच्या धर्तीचा, नुसता पुढे पाठवणारा पत्ता दिला तर त्यातील बरीचशी रक्कम कामावर खर्च करता येईल. टपालपेटी चालवायला घेतली तर पाच लाख तिच्यातच संपतील.

शिवाय येथे एक वस्तू अशी आहे जी बड्या कंपन्या सहसा देत नाहीत, ती म्हणजे देवनागरी पत्ता. ‘डॉट भारत’ हे नाव २०१४ साली मराठीसह आठ भाषांसाठी देवनागरीत खुले झाले. त्याच वर्षी जीमेलने असे पत्ते स्वीकारण्यास आरंभ केला. पण तसा पत्ता काढून देण्याची सोय त्यात नव्हती. अडचण आहे ती इतरत्र. अनेक संकेतस्थळांचे अर्ज देवनागरी पत्ता चुकीचा ठरवून परत करतात. म्हणून जोडीला रोमन पत्ता देणे भाग आहे.

त्याआधीचा प्रश्न मात्र कागदपत्रांचा आहे. मंडळाचे पावतीपुस्तक मंडळाच्या नावाने छापलेले असते. स्वयंसेवी प्रकल्पांचे डोमेन पुष्कळदा एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या नावावर आणि त्याच्याच क्रेडिट कार्डावर चालते. तो परदेशी गेला वा त्याने नूतनीकरणाची तारीख चुकवली, तर पाचशे वर्गणीदारांची पत्रे एका दिवसात बंद पडतील. पहिला पत्ता देण्यापूर्वी ते नाव नोंदणीकृत संस्थेकडे जायला हवे, आणि पुढील दहा वर्षांचे नूतनीकरण आगाऊ भरलेले असावे.