उचल घेतलेल्या मताला भाव नसतो



निवडणूक आटोपली की पारावर एकच वाक्य ऐकू येतं, "कोणीही आला तरी आपलं काय?" हे वाक्य साता समुद्रापलीकडेही बोललं जातं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली, तेव्हा हक्क असलेल्या दर १०० माणसांपैकी सुमारे ३६ जण घरीच बसले. ट्रम्प यांना सुमारे ७ कोटी ७३ लाख मतं पडली, कमला हॅरिस यांना ७ कोटी ५० लाख. देश उभा दुभंगला. हरलेले खट्टू झाले हे समजण्यासारखं आहे. पण जिंकलेल्यांच्या पदरात तरी काय पडलं?

टेक्सास राज्यात लबक शहराभोवती मोठं पठार आहे. पाऊस कमी, पिकं आपलीच, कापूस आणि ज्वारी. बरीच शेती कोरडवाहू. इथल्या मतदारांनी ट्रम्प यांना भरभरून मतं दिली. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी चीनच्या मालावरची जकात वाढवली. चीननं उलट अमेरिकेच्या कापसावर १५ टक्के आणि ज्वारी-सोयाबीनवर १० टक्के जादा जकात बसवली. मोठं गिऱ्हाईक दुरावलं. डिसेंबर २०२५ मध्ये सरकारनं शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. आधी बाजार मोडायचा आणि मग मदत वाटायची, हा खेळ आपल्या ओळखीचा आहे.

जकात लावण्याआधी या शेतकऱ्यांना कोणी विचारण्याची गरजच नव्हती. अमेरिकेचा अध्यक्ष देशभरच्या मतांच्या बेरजेवर ठरत नाही. राज्यांना वाटून दिलेली एकूण ५३८ निर्वाचक मतं असतात आणि बहुतेक राज्यांत जो पुढे, त्याला तिथली सगळी मिळतात. टेक्सास १९८० पासून दर वेळी एकाच पक्षाच्या पारड्यात पडलं. म्हणून २०२४ च्या प्रचाराचा सारा जोर अटीतटीच्या ७ राज्यांवर होता. टेक्सासचं मत एकानं गृहीत धरलं, दुसऱ्यानं सोडून दिलं.

पेरणीला व्यापाऱ्याकडून उचल घेतली की दिवाळीला कापसाचा भाव तोच सांगतो. जात, झेंडा किंवा नेता पाहून आधीच बांधलेल्या मताचीही तीच गत. आणि रागानं घरी ठेवलेलं मत म्हणजे घरात पडून पिवळा पडलेला कापूस. त्यानं व्यापाऱ्याचं काही बिघडत नाही.

त्या निवडणुकीची झळ आपल्यालाही लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरची जकात ५० टक्क्यांवर नेली. त्याच महिन्यात दिल्लीनं परदेशी कापसावरची ११ टक्के आयात जकात उठवली आणि पुढे ती सवलत डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत, म्हणजे ऐन वेचणीत, चालू ठेवली. आपल्यालाही कोणी विचारलं नव्हतं.

म्हणून या बैठकीतून घरी जाताना एक काम घेऊन जा. गावात एक वही ठेवा. मत मागायला येईल त्याला, पक्ष कोणताही असो, दोनच प्रश्न विचारा. कापसाच्या आयातीबद्दल तुमची भूमिका काय? शेतमालावर निर्यातबंदी आली तर तुम्ही काय कराल? उत्तर वहीत लिहा, खाली सही घ्या. निवडून आल्यावर दर हंगामाच्या तोंडाशी ती वही त्याच्यापुढे उघडा. जो सही टाळेल, त्याचं नावही लिहून ठेवा. गावात झेंडे चार असतील तर असू द्या, वही मात्र एकच ठेवा.