गाविलगडचा बेनीसिंह: इतिहास किती, दंतकथा किती?

१५ डिसेंबर १८०३. सकाळी दहाच्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीची फौज गाविलगडच्या फुटलेल्या तटावर चालून गेली आणि त्याच दिवशी गड पडला. गड लढवणारा राजपूत सरदार बेनीसिंह दरवाज्याजवळच्या प्रेतांच्या ढिगात सापडला.

परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला गेलेल्या प्रत्येकाने हा गड पाहिलेला असतो. डिसेंबरच्या थंडीत तिथे गर्दी होते, रील्स बनतात, आणि बेनीसिंहाची गोष्ट दरवर्षी थोडी थोडी वाढत जाते. कुणी त्याला राजा करतं, कुणी स्वातंत्र्यसैनिक. कुणी गडावरच्या जोहाराचं वर्णन डोळ्यांनी पाहिल्यासारखं करतं. यातलं खरं काय आणि नंतर जोडलेलं काय, ते एकेक करून बघू.

आधी पार्श्वभूमी

गड बेनीसिंहाच्या कितीतरी आधीचा आहे. गाविलगड हे नाव गवळ्यांवरून पडलं, असं सांगितलं जातं. आज दिसणाऱ्या किल्ल्याचं बांधकाम बहामनी सुलतान अहमदशहाच्या काळातलं, म्हणजे १४२५ च्या आसपासचं. त्यानंतर वऱ्हाडच्या इमादशाहीने त्यात भर घातली. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला.

१८०३ साली दुसरं इंग्रज-मराठा युद्ध सुरू झालं. एका बाजूला कंपनी, दुसऱ्या बाजूला दौलतराव शिंदे आणि दुसरे रघुजी भोसले. कंपनीच्या दख्खनमधल्या फौजेचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच.

२३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. २९ नोव्हेंबरला अकोट-तेल्हारा भागातल्या अडगावला भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. तिथून निसटलेले काही सैनिक गाविलगडावर गेले. वऱ्हाडात भोसल्यांची मोठी आशा आता या गडावरच होती.

बेनीसिंह राजा होता का?

नाही. गाविलगड भोसल्यांचा होता आणि बेनीसिंह त्यांच्या वतीने तो लढवत होता. राजा नागपूरकर रघुजी भोसले.

यामुळे बेनीसिंह छोटा होतो का? उलट. राजा आपलं राज्य वाचवायला लढतो. या माणसाने दुसऱ्याने सोपवलेला गड शेवटपर्यंत सोडला नाही.

गड फितुरीने पडला का?

आपल्याकडे अभेद्य किल्ला पडला की पहिला संशय फितुरीचा. गाविलगडच्या बाबतीत मात्र लष्करी नोंदींमधून मिळणारं कारण स्पष्ट आहे, आणि ते आहे तोफा.

दक्षिणेकडचा, म्हणजे आपल्या मैदानाकडचा कडा चढून जाणं जवळपास अशक्य. म्हणून वेलस्लीने मुख्य हल्ल्यासाठी उत्तरेची बाजू निवडली. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने ७ डिसेंबरला अचलपूर सोडलं आणि डोंगरातून रस्ता करत जड तोफा वर नेल्या. बहुतेक अंतर तोफा माणसांनी हातांनी ओढल्या. १२ तारखेला ही तुकडी गडाच्या उत्तरेला पोहोचली, मोर्चे बांधले गेले आणि तोफा सुरू झाल्या. १४ च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटाला खिंडार पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी लेफ्टनंट कर्नल केनी याच्या नेतृत्वाखाली तुकड्या खिंडारातून आत शिरल्या. पण आतल्या किल्ल्याचा तट शाबूत होता. शेवटी कॅप्टन कॅम्पबेल आणि ९४ व्या रेजिमेंटच्या सैनिकांनी शिड्या लावल्या, तट चढले आणि आतून दरवाजा उघडला. म्हणजे दरवाजा आतून उघडला हे खरं, पण तो उघडणारे शत्रूचेच सैनिक होते. केनी स्वतः या हल्ल्यात झालेल्या जखमांनी मेला.

जोहार झाला का?

सगळ्यात जास्त सांगितला जाणारा आणि सगळ्यात नाजूक भाग हाच.

ब्रिटिश बाजूच्या वर्णनांनुसार गडावरच्या काही राजपुतांनी बाहेर पडून लढण्याआधी आपल्या घरातल्या स्त्रियांवर शस्त्र चालवलं. हा अग्निप्रवेशाचा जोहार नव्हता. तीन-चार स्त्रिया मृत सापडल्या. बाकीच्या जखमी होत्या, काहींच्या अंगावर तीन-चार वार होते, पण त्या जिवंत होत्या.

आता प्रचलित गोष्ट बघा. तिच्यात सगळ्या जणी हसत हसत मरणाला सामोऱ्या जातात. जखमी होऊन वाचलेल्या बायका त्यात कुठेच नाहीत. त्यांना कुणी काही विचारलं होतं का? पुढे त्यांचं काय झालं? शौर्याच्या गोष्टीत या प्रश्नांना जागा उरत नाही. दंतकथेने इथे नुसती अतिशयोक्ती केलेली नाही. वाचलेल्या माणसांना तिने गोष्टीतूनच काढून टाकलंय.

एक सावधगिरी हवी. हे वर्णन जिंकणाऱ्यांनी लिहिलंय. वेलस्ली स्वतः जखमी स्त्रियांना भेटायला गेला आणि त्यांची काळजी घ्यायला सांगितलं, असंही त्यात येतं. यातून इंग्रज सभ्य दिसतात, हे लक्षात ठेवूनच वाचायचं. पण बेनीसिंह लढता लढता पडला ही नोंदही याच बाजूची आहे. शत्रूचं कौतुक करण्यात त्यांचा काही फायदा नव्हता. म्हणून ती जास्त वजनदार ठरते.

मग तो स्वातंत्र्यवीर का?

तो परकीय कंपनीविरुद्ध लढला, यात शंका नाही. पण १८०३ च्या लढाईत १९४७ चा अर्थ भरला तर गोंधळ होतो. तेव्हाचे युद्ध राज्यांमधलं होतं. हैदराबादचा निजाम कंपनीच्या बाजूने होता आणि कंपनीच्या फौजेत हिंदी शिपाई मोठ्या संख्येने होते.

गड पडल्यावर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. भोसल्यांनी कटक आणि बालासोर कंपनीला दिलं. वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूखही सोडला आणि तो निजामाकडे गेला. पण गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले भोसल्यांकडेच राहिले. ज्या गडासाठी बेनीसिंह आणि त्याची माणसं मेली, तो कागदावर दोन दिवसांत परत मिळाला. पुढे १८२२ मध्ये तोही निजामाकडे गेला. १८५८ साली तात्या टोपे तो ताब्यात घेतील या भीतीने इंग्रजांनी गड निकामी केला.

हे फक्त आपल्याकडेच होतं का?

मुळीच नाही. स्कॉटलंडचा विल्यम वॉलेस हे जगातलं गाजलेलं उदाहरण. १२९७ मध्ये त्याने स्टर्लिंग ब्रिजला इंग्रजांना हरवलं आणि २३ ऑगस्ट १३०५ ला लंडनमध्ये त्याला क्रूरपणे मारण्यात आलं. इतकं पक्कं. त्याच्या बऱ्याच गोष्टी मात्र ब्लाइंड हॅरी नावाच्या कवीच्या काव्यातून आल्या, आणि ते काव्य वॉलेसच्या मृत्यूनंतर सुमारे १७० वर्षांनी रचलं गेलं. १९९५ च्या ‘ब्रेव्हहार्ट’ सिनेमाने त्यावर कडी केली. त्यात वॉलेसचं प्रेम जिच्याशी दाखवलंय ती फ्रान्सची राजकन्या इझाबेला तेव्हा दहाएक वर्षांची होती आणि इंग्लंडला आलेलीही नव्हती. स्टर्लिंग ब्रिजच्या लढाईत तर ब्रिजच गायब आहे!

योगायोग असा, की गाविलगडचा आतला तट चढणारी ९४ वी रेजिमेंट ‘स्कॉच ब्रिगेड’ म्हणून ओळखली जायची. स्वातंत्र्यासाठी लढलेल्या वॉलेसच्या देशाचं नाव लावणारी पलटण पाचशे वर्षांनी इंग्लंडच्या कंपनीसाठी वऱ्हाडातला किल्ला चढत होती.

दंतकथा नेहमी माणसाला मोठंच करते असंही नाही. बर्नार्ड कॉर्नवेल या ब्रिटिश लेखकाची ‘शार्प्स फोर्ट्रेस’ ही कादंबरी गाविलगडच्या वेढ्यावर आहे. तिच्यातला बेनीसिंह कमकुवत मनाचा, शरण जायला तयार असलेला माणूस आहे. म्हणजे आपल्या गोष्टीत तो राजा, त्यांच्या गोष्टीत तो भित्रा. आणि या दोन्हींपेक्षा वेगळा असलेला खरा माणूस दरवाज्याजवळ लढून मेलेला.

मग फॉरवर्ड करायचं काय?

अशी पोस्ट समोर आली की तीन गोष्टी तपासा. घटना नेमकी कोणत्या तारखेची? हे लिहिणारा त्या वेळी कुठल्या बाजूला होता? आणि गोष्टीतून कोण गायब आहे?

बेनीसिंहाच्या बाबतीत हे तिन्ही प्रश्न विचारून झाल्यावरही तो उरतो. मैदानातली लढाई हरलेली, तटाला खिंडार पडलेलं, तरी तो दरवाज्यापाशी लढत राहिला. त्याच्या मोठेपणासाठी मुकुट लागत नाही आणि चितेच्या ज्वाळाही लागत नाहीत. पुढच्या वेळी चिखलदऱ्याला गेलात आणि त्या दरवाज्याजवळ व्हिडिओ केलात, तर त्याच्यासोबत त्या वाचलेल्या बायकांचाही उल्लेख करा. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. पण त्याही त्या दिवशी त्याच गडावर होत्या.