टायरचा हिशेब क्विंटलवर मांडा

कापसाच्या हंगामात गावोगावच्या पिकअप गाड्या दिवसरात्र धावतात. पहाटे वेचणीच्या मायबहिणी, दुपारी कापूस, परतीला खताच्या गोण्या. या गाडीचे डिझेल, बँकेचा हप्ता, ड्रायव्हरची रोजी सगळ्यांना तोंडपाठ असते. टायरचा खर्च मात्र कुणाच्याच वहीत नसतो. टायर फुटला की तो आठवतो, आणि मग ऐन हंगामात, हातात पैसा नसताना, जिथे उधारी मिळेल तिथून मिळेल तो टायर चढवला जातो. उत्पादन खर्चावर आपण इतकी वर्षे बोलतो आहोत; आपल्याच घरच्या हिशेबातून हा खर्च सुटावा, हे आम्हाला पटत नाही.

एक उदाहरण मांडू. आकडे धरलेले आहेत; तुम्ही तुमच्या बिलातले घाला. समजा चार चांगले टायर ३२,००० रुपयांना पडले आणि ४०,००० किलोमीटर चालले. किलोमीटरला ८० पैसे झाले. दुसऱ्याने रिमोल्ड केलेले चार टायर १६,००० ला घेतले, ते १५,००० किलोमीटरला संपले. किलोमीटरला एक रुपया सात पैसे. निम्म्या किमतीचा माल महाग पडला. आता खरेदी केंद्र ३० किलोमीटरवर आहे आणि एका खेपेला १५ क्विंटल कापूस जातो असे धरा. जाऊन-येऊन ६० किलोमीटर, म्हणजे चांगल्या टायरचे ४८ रुपये. क्विंटलला तीन रुपये वीस पैसे! २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला. त्यात हे तीन रुपये वाचवायला जाऊन रस्त्यात टायर फुटला, केंद्रावरची पाळी हुकली, आणि तोच कापूस खासगी व्यापाऱ्याला पडेल भावाने द्यावा लागला, तर क्विंटलमागे किती गेले याचा हिशेब सांगायला कृषी पदवीधर लागत नाही.

आता टायर निवडायचा कसा? दुकानदार सांगेल त्यावर जाऊ नका, टायरच्या बाजूवर सगळे छापलेले असते. आपल्याकडच्या पिकअपला ७.०० आर १५ हे माप पुष्कळ आढळते. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. ‘आर’ म्हणजे रेडियल; त्या जागी नुसती आडवी रेघ असेल तर तो जुन्या धाटणीचा नायलॉन टायर. त्यापुढे वजनाचा क्रमांक असतो, आणि लोक नेमके त्याकडेच बघत नाहीत. १०० क्रमांक म्हणजे एका टायरला ८०० किलो, ११२ म्हणजे १,१२० किलो. दोन क्रमांक तिरक्या रेघेने दिले असतील तर पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. भरलेल्या गाडीचे एकूण वजन तीन टन आणि त्यातले दोन टन मागच्या आसावर, असे धरले तर मागच्या एकेका टायरवर १,००० किलो येतात. तिथे १०० क्रमांकाचा टायर चालणार नाही. रिमवर तो नीट बसला तरी चालणार नाही.

कापूस इथे फसवतो. तो फुगीर, गाडी उंच भरलेली दिसते, पण वजन त्या मानाने कमीच असते. परतीला युरियाच्या ४० गोण्या टाकल्या की ४५ किलोच्या हिशेबाने १८ क्विंटल झाले, आणि गाडी मात्र अर्धी रिकामी दिसते. टायर निवडायचा तो गोण्यांच्या वजनावर.

रेडियल की नायलॉन, हा वाद चहाच्या टपरीवर कायमचा आहे. रेडियल कमी तापतो, डिझेल थोडे वाचवतो, डांबरी रस्त्यावर जास्त चालतो. त्याची बाजू मात्र पातळ असते. गिट्टी आणि पऱ्हाटीची धसकटे तिला लवकर कापतात. ज्याची गाडी बहुतेक डांबरावर त्याने रेडियल घ्यावा, जिची निम्मी धाव पांदण रस्त्यावर तिला नायलॉन वाईट नाही. पण एकाच आसावर एक रेडियल आणि एक नायलॉन कधीही नको, गाडी ओढते. मागे खोल आडव्या खाचांचा लग टायर मुरमाड रस्त्याला चांगला. काळ्या मातीत पाऊस झाल्यावर कुठलाच टायर कामाचा नाही. खाचा चिखलाने भरल्या की सगळे टायर सारखेच गुळगुळीत. तिथे बैलगाडीच बरी.

दोनच नवे घ्यायची ऐपत असेल तर आम्ही ते मागे घाला असे म्हणू, कारण ओल्या रस्त्यावर मागचे चाक घसरले की गाडी आवरत नाही. म्हणून पुढे गोटा झालेले टायर ठेवा असा अर्थ काढू नका. खाचेची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानेही टायर बाद. जुन्या बाजारात गोटा टायर तापल्या सुरीने पुन्हा खोदून विकतात. खाच छान दिसते, पण खाली रबरच उरलेले नसते. नव्या टायरवरही आयएसआयची खूण पाहा आणि चार आकडी तारीख वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नव्या टायरमध्ये जुनी ट्यूब घालू नका, ती ताणलेली असते आणि घडी पडून फाटते. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. आणि पक्के बिल घ्या, त्याशिवाय कंपनी भरपाई देत नाही.

मायबहिणींचा उल्लेख वर केला. मालवाहू गाडीत माणसे बसवणे कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. तरी बाया जातातच, कारण दुसरी सोय नाही. ज्या गाडीत वीस बाया बसतात तिला खोदलेला टायर लावणाऱ्याला काटकसरी म्हणायला आम्ही तयार नाही.

आता किमतीबद्दल. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, ट्रॅक्टरच्या टायरवरचा १८ वरून ५. जुन्या दराने कोणी बिल फाडत असेल तर घेऊ नका. ट्रक-बसच्या नायलॉन टायरचे भाव संगनमताने ठरवल्याबद्दल स्पर्धा आयोगाने पाच टायर कंपन्यांना १,७८८ कोटी रुपयांचा दंड केल्याचे फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर झाले. डिसेंबर २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ते प्रकरण फेरविचारासाठी आयोगाकडे परत पाठवले. बाहेरच्या टायरची आयात जून २०२० मध्ये परवान्याखाली आणली गेली. आणि आपल्या कापसाचे? ऑगस्ट २०२५ मध्ये, नवा कापूस घरात यायच्या तोंडावर, आयात शुल्क माफ झाले, ते थेट ३१ डिसेंबरपर्यंत. टायरवाल्याला कुंपण आणि कापूसवाल्याचे शेत मोकळे. केरळातल्या रबर उत्पादकाचा भाव पाडून टायर स्वस्त करा असे आम्ही कधी म्हणणार नाही. तोही आपल्यासारखाच शेतकरी. पण कारखानदाराला एक न्याय आणि शेतकऱ्याला दुसरा, याचा जाब बैठकीत विचारला जाईल.

जिल्हा बैठकीला येताना पिकअपवाल्यांनी टायरचे माप, वजनाचा क्रमांक, चार आकडी तारीख, मागचे बिल आणि किती किलोमीटर चालला ते कागदावर लिहून आणावे. एकाच मापाचे पन्नास-साठ टायर लागत असतील तर तालुक्यातल्या विक्रेत्यांकडून एकगठ्ठा भाव मागता येईल. हे काम दसऱ्याच्या आत उरकायचे आहे. सीतादहीनंतर कोणाला सवड नसते.