सव्वा महिन्यातला खेळ

नवजात बाळाशी खेळत जा, असं डॉक्टरांनी किंवा घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविकेने, म्हणजे मितानिनने, सांगितलं की बहुतेक घरांत आधी हसू उमटतं. दिवसाचे सोळा-सतरा तास झोपायचं, उरलेल्या वेळात दूध प्यायचं, दुपटी ओली करायची आणि रडायचं, एवढाच ज्याचा दिनक्रम, ते बाळ खेळणार काय? मान धरत नाही, खुळखुळा मुठीत राहत नाही. झोपेत हसलंच, तर सटवाई हसवते म्हणून त्या हसण्याचं श्रेयही आपण त्याला देत नाही. मग बाजारातून रंगीत फिरकी आणून पाळण्यावर टांगली जाते आणि खेळाचं कर्तव्य संपतं. माझं म्हणणं असं की खेळ या दिवसांतही असतो, पण त्याला वस्तू लागत नाही, घाई नसलेलं माणूस लागतं. भिलाईसारख्या गावात फिरक्या वाटेल तेवढ्या मिळतात. दुर्मीळ आहे ते असं माणूस, आणि विचार व्हायला हवा तो त्याचा.

आधी बाळाला खरंच काही कळतं का, हे पाहू. १९८० साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी तीन दिवसांहून लहान बाळांच्या तोंडात एक बोंडी दिली. एका लयीत चोखलं की आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या लयीत चोखलं की परक्या बाईचा. बाळांनी आपली चोखण्याची लय बदलली आणि आईचा आवाज मिळवला. त्याआधी, १९७५ साली, जन्माला सरासरी नऊ मिनिटं झालेली बाळं चेहऱ्यासारख्या चित्रामागे मान आणि डोळे वळवतात, तेच नाक-डोळे विस्कटून काढले की तेवढी वळवत नाहीत, असं दिसलं होतं. २००९ साली जर्मनीतल्या काथलीन वेर्मके यांच्या गटाने फ्रेंच आणि जर्मन घरांत जन्मलेल्या बाळांची रडणी तपासली. दोन ते पाच दिवसांची ही बाळं. पण फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर शेवटाकडे चढत होता, जर्मन बाळांचा उतरत होता, जसा त्यांच्या आयांच्या बोलण्यात असतो तसाच. म्हणजे पोटात असतानाच कान कामाला लागलेले असतात. नजर मात्र कच्ची असते. बाळाला साधारण वीस ते तीस सेंटीमीटरवरचं त्यातल्या त्यात बरं दिसतं, आणि दूध पाजताना आईचा चेहरा जवळपास तेवढ्याच अंतरावर असतो. पाळण्याच्या दांडीला टांगलेली फिरकी बरेचदा त्याच्या पलीकडे असते.

पण कळतं म्हणजे सतत कळतं असं नाही. गाढ झोप, चाळवलेली झोप, पेंग, शांत जाग, चुळबुळ आणि रडणं अशा अवस्थांतून बाळ दिवसभर फिरत असतं आणि खेळाची खिडकी उघडते ती फक्त शांत जागेपणी. पहिल्या आठवड्यांत ती काही मिनिटांचीच असते, अनेकदा दूध पिऊन झाल्यावर किंवा लंगोट बदलून झाल्यावर. डोळे टपोरे उघडे, हातपाय थांबलेले, श्वास संथ, ही तिची खूण. त्या वेळी मानेखाली तळवा देऊन बाळाला समोर धरावं, चेहरा हळूहळू एका बाजूला न्यावा, नजर मागे येते का पाहावं. एखादा शब्द लांबवून म्हणावा आणि थांबावं. हे थांबणंच सगळ्यात अवघड जातं, कारण मोठ्या माणसाला शांतता सोसत नाही आणि ते लगेच पुढचं बोलून टाकतं. बाळाला उत्तर द्यायला वेळ लागतो. ते भुवया उचलतं, ओठ गोल करतं, पायाची एखादी लाथ मारतं. त्या लाथेला आपण ‘हो का?’ म्हटलं की खेळ सुरू झाला. थोड्या वेळाने ते तोंड फिरवतं, जांभई देतं, उचक्या देतं, बोटं फाकवतं. तो कंटाळा किंवा हट्ट नव्हे, पुरे झाल्याची खूण आहे. तिथे खुळखुळा वाजवून त्याला परत वळवणारे काका-मामा खेळ मोडतात. आणि वर उडवून झेलणं, जोरात हलवणं हे तर या वयात धोक्याचंच. उत्तरादाखलचं हसू पुढे साधारण सहा आठवड्यांच्या सुमाराला येतं, म्हणजे आपला सव्वा महिना संपता संपता. तोवर समोरच्या माणसाला पावती मिळत नाही, आणि बहुतेक लोक नाद सोडतात ते याच काळात.

इथे विज्ञानाच्या नावाने जे जे विकलं जातं त्याचा हिशेब करायला हवा, कारण शंकेखोर वाचकाचा पहिला आक्षेप तोच असतो आणि तो खोटा नाही. १९७७ साली मेल्टझॉफ आणि मूर यांनी जाहीर केलं की दोन-तीन आठवड्यांची बाळं समोरच्याने जीभ बाहेर काढली की आपणही काढतात. हे पाठ्यपुस्तकांत गेलं, पालकांच्या पुस्तिकांत गेलं. २०१६ साली ऑस्ट्रेलियात शंभरावर बाळांवर तो प्रयोग काळजीपूर्वक पुन्हा झाला आणि अनुकरणाचा पुरावा हाती लागला नाही. मोझार्टच्या संगीताची गोष्ट तर हसण्यासारखी आहे. १९९३ सालचा मूळ प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर होता आणि त्यात दिसलेला फायदा काही मिनिटांपुरता होता; तरी १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची तबकडी देण्यासाठी सरकारी पैसा मागितला. भिलाईला या जातीच्या मोहाबद्दल वेगळं सांगायला नको. आयआयटीच्या निकालांवर ज्या गावाने नाव कमावलं, जिथे कोचिंगच्या पाट्यांनी रस्ते भरलेत, तिथे बाळंतपणाच्या खोलीतच बुद्धी वाढवण्याचे तक्ते लागायला कितीसा वेळ लागणार? म्हणून मी खेळाबद्दलचा दावा मुद्दाम लहान ठेवतो. यातून बाळ हुशार निघेल असं मी म्हणत नाही.

तरीही हा लहान दावा पुराव्यावर उभा आहे. पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात, आपल्याहून गरीब खेड्यांत, जवळपास दीड हजार माय-लेकरांवर झालेला अभ्यास २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. तिथल्या सरकारी आरोग्यसेविकांनी काही आयांना बाळाच्या जन्मापासून दोन वर्षांपर्यंत खेळणं, बोलणं आणि बाळाच्या खुणा ओळखून प्रतिसाद देणं शिकवलं. दोन वर्षांनी त्या मुलांची समज, भाषा आणि हालचाली इतरांपेक्षा पुढे होत्या. नुसता जादा पोषक आहार मिळालेल्या मुलांपेक्षाही खेळाचा परिणाम ठळक होता. त्यात पहिल्या सव्वा महिन्याचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही, हे मान्य. पण आईला बाळाच्या खुणा वाचण्याची सवय लागते ती याच आठवड्यांत, आणि पुढची दोन वर्षं चालतात ती त्या सवयीवर.

दुसरा आक्षेप घरच्या वडीलधाऱ्यांचा: आम्ही कुठे असं तोंडासमोर तोंड धरून बोलत बसलो, तरी पोरं वाढलीच ना? यात तथ्य आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हायडी केलर यांनी जर्मनीतली शहरी घरं, कॅमेरूनमधली न्सो शेतकऱ्यांची घरं आणि गुजरातमधली खेडी यांची तुलना केली आहे. शहरी जर्मन आई बाळाशी नजरेने आणि शब्दांनी खेळते. न्सो आई ते अंगाशी धरून, हलवून, वरखाली नाचवून खेळते. दोन्हीकडची मुलं वाढतात, फक्त आधी काय जमतं त्याचा क्रम थोडा बदलतो. आपल्याकडची आंघोळ याच दुसऱ्या जातीची आहे. पाटावर बसून, पाय लांब करून, त्यावर बाळाला पालथं घालून तेल जिरवणारी बाई नुसतं तेल लावत नाही. ती हात-पाय आडवे दुमडते, पाठीवरून तळवा फिरवते, मध्येच थांबून ‘झालं हं झालं’ म्हणते, रडण्याचा सूर चढला की स्वतःचा सूर उतरवते. नाक चिमटीत ओढणं, कानात तेल सोडणं आणि धुरीने खोली भरणं एवढं वगळा, आणि उरतो तो उत्तम खेळ. शेजारच्या क्वार्टरमध्ये छट्ठीला सोहर गायले जातात, आपल्याकडे पाचवी पुजतात आणि बाराव्या दिवशी पाळणा म्हणतात. थोडक्यात, आजी म्हणते की आम्ही खेळलो नाही, तेव्हा ती स्वतःच्या कामाला खेळ म्हणत नाही एवढंच. फरक असा की त्या घरात बाळाला उत्तर देणारे हात सात-आठ होते. एकीचा जीव थकला तर दुसरी उचलून घेई, आणि कोणाला ठरवून काही करावं लागत नसे.

भिलाई मुळातच अशा घरांपासून तुटून वसलेली आहे. १९५५ साली इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिली धमनभट्टी सुरू झाली, आणि सेक्टरांच्या क्वार्टरांत देशभरातून आलेली तरुण जोडपी राहू लागली. नागपूर, भंडारा, अमरावतीकडून आलेल्या मराठी घरांनीही आपली माणसं मागे ठेवली. आज तिसरी पिढी नांदते आहे, तरी रिसाली किंवा हुडकोसारख्या वसाहतीत बाळंतिणीच्या दिमतीला येणारी आजी बहुधा सव्वा महिन्यानेच परत गाडीत बसते. त्यानंतर घरात उरते आई, आणि पाळीवर जाणारा बाप. सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा या तीन पाळ्यांच्या घड्याळावर चालणाऱ्या घरात बाळाच्या शांत जागेपणाची ती काही मिनिटं बापाच्या वाट्याला आपोआप येत नाहीत. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो, म्हणून बाळाला आतल्या खोलीत गप्प ठेवलं जातं. पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर प्रश्नच मिटतो. बाप भिलाईत आणि बाळ वर्ध्याला, मध्ये फोनचा पडदा. त्या पडद्यावरचा चेहरा इतक्या लहान बाळाच्या फारसा कामाचा नाही.

बापाच्या बाबतीत एक न आवडणारी गोष्ट सांगायला हवी. आईच्या आवाजाचा प्रयोग करणाऱ्या डीकॅस्परनीच १९८४ साली बापांच्या आवाजावर तो करून पाहिला. नवजात बाळांना दोन पुरुषांचे आवाज वेगळे ओळखता येत होते, पण त्यांनी बापाच्या आवाजाला पसंती दिली नाही. म्हणजे आईला नऊ महिन्यांची आघाडी आहे आणि बापाला शून्यापासून सुरुवात करायची आहे. म्हणून हे आईचं काम, असा अर्थ काढणारे भेटतील. मला त्यातून उलट निष्कर्ष दिसतो: ज्याची ओळख व्हायची आहे त्याला जास्त वेळ लागेल, आणि लंगोट बदलणं, ढेकर काढणं, आंघोळीनंतर पुसणं ही कामं त्याच्याकडे असली तर तो वेळ वेगळा काढावा लागणार नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. कारखान्याच्या आवारात राबणाऱ्या कंत्राटी कामगाराला ती देणारा कायदा देशात नाही. बाळाशी खेळा, हा सल्ला त्याच्या घरी पोचतो तेव्हा थोडा उद्धट वाटतो, आणि तो दोष सल्ल्यापेक्षा रजेच्या नियमांचा आहे.

हे सगळं वाचून जिची झोप उडेल ती मात्र आईच, म्हणून तिच्यासाठी दोन गोष्टी. सिझेरियन झालं, बाळ काचेच्या पेटीत राहिलं, पहिले दिवस जवळ घेता आलं नाही, म्हणून नातं कायमचं कच्चं राहील ही भीती १९७२ सालच्या एका छोट्या अभ्यासातून पसरली. क्लाउस आणि केनेल यांनी फक्त २८ आयांवर तो केला होता. जन्मानंतरच्या काही तासांतच माया जुळते, हे त्यातून निघालेलं म्हणणं पुढच्या तपासणीत टिकलं नाही. बाळ कमी वजनाचं असेल तर त्याला छातीशी उघड्या अंगाने धरण्याचे फायदे पक्के आहेत, पण ते उशिरा सुरू केलं म्हणून दार बंद होत नाही. दुसरं, अमेरिकी संशोधक एडवर्ड ट्रॉनिक यांच्या गटाने माय-लेकरांचे खेळ क्षणाक्षणाने तपासले, तेव्हा चांगल्या चाललेल्या जोड्यांतही सूर जुळलेला वेळ साधारण ३० टक्केच निघाला. उरलेला वेळ चुकण्यात आणि चूक सावरण्यात जातो, आणि बाळ शिकतं ते त्या सावरण्यातून. भारतात बाळंतपणानंतर नैराश्याची लक्षणं दिसणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास असल्याचं अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत २०१७ साली दिसलं. अशा आईला खेळाची यादी हातात देणं म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक हंडा ठेवणं. तिला आधी झोप हवी आणि गरज पडली तर डॉक्टर.

बापाला या खेळात आणायला आपल्याकडे यंत्रणा आहे, हे भिलाईचं नशीब. मितानिन योजना छत्तीसगढमध्ये २००२ साली सुरू झाली, देशात ‘आशा’ येण्याआधी. घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची पद्धत तर शेजारच्या गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत सिद्ध करून दाखवली. १९९९ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली आणि २०११ पासून देशभर लागू झाली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट ठरलेली असते. त्या भेटींचा भर वजन, ताप, स्तनपान आणि जंतुसंसर्ग यांवर असतो, आणि तो तसाच असायला हवा. खेळ आणि बोलणं यांना ठळक जागा मिळते ती २०१८ साली आलेल्या पुढच्या कार्यक्रमात, ज्याची पहिली भेट तिसऱ्या महिन्यात होते. त्याआधीच्या सहा भेटींत, वजन घेऊन झाल्यावर बाळ शांत जागं असेल, तर मितानिनने ते बापाच्या हातात द्यावं आणि नजर कशी फिरते ते त्याला दाखवावं. बाळ जन्मलं त्याच दिवशी सहाही तारखा कळतात. पाळीचा तक्ता बघून त्यातल्या निदान दोन-तीन वेळी त्याला घरी राहता येईल.