गेम शिकायला शेत कशाला?

आमच्या धुळ्यात मुलगा बिघडण्याचे पूर्वी दोनच राजमान्य मार्ग होते : पान-सिगरेट आणि सिनेमा. आता तिसरा निघाला आहे. मुलगा जेवता जेवता सांगतो, "आप्पा, मला गेम बनवायला शिकायचंय." आप्पांना त्यातला 'गेम' एवढाच शब्द ऐकू येतो आणि घराला सुतक लागतं.

दहा दिवसांनी सुतक फिटतं. कारण कोणीतरी शहरातल्या क्लासचा रंगीत कागद आणून देतं. 'नोकरीची शंभर टक्के हमी' हे ठळक, फी बारीक. आकडा वाचून आप्पा चष्मा पुसतात आणि मग पांझरेकाठच्या दोन बिघ्यांकडे वेगळ्याच नजरेने पाहू लागतात.

माझं भांडण मुलाशी नाही, आप्पांशी तर नाहीच. ते त्या हमीशी आहे.

अहो, लग्नाचा आचारी ठरवताना डिप्लोमा कोण मागतं? त्याचं भरीत चाखून बघतात. गेमच्या धंद्यात हाच कायदा आहे. कंपनीवाला आधी म्हणतो, "तू केलेलं काहीतरी दाखव." आणि ते करायला लागणारी अवजारं फुकट मिळतात. गोडो नावाचं इंजिन आहे, चित्रं घडवायला ब्लेंडर आहे. इंजिन म्हटल्यावर आप्पांना विहिरीवरचं आठवेल; पण हे डिझेल पीत नाही, फक्त रात्रीची झोप खातं.

आता चिरंजीवांनाही दोन शब्द. पहिल्याच गेममध्ये अठरा अक्षौहिणी सैन्य उभं करायचं नसतं. 1972 साली अटारी कंपनीत अॅलन अल्कॉर्न या नव्या इंजिनिअरला हात बसावा म्हणून एक सोपं काम दिलं : दोन फळ्या, एक चेंडू. त्या गृहपाठातून 'पाँग' झाला आणि त्यावर अख्खा धंदा उभा राहिला. आपलं धुळं तर आखीव गाव, गल्ल्यांना चक्क नंबर! पाच नंबरच्या गल्लीतून शेवभाजीचा डबा, रिक्षा आणि गाय चुकवत आग्रा रोडला पोचवायचा, एवढा गेम पुरे. पण तो पुरा करायचा. मग शेजाऱ्याच्या हातात द्यायचा आणि तोंड मिटून बसायचं. तो जिथे अडेल तिथे चूक तुमची.

तुम्ही म्हणाल, कंपन्या तर पुण्या-मुंबईला, बंगळूर-हैदराबादला. खरं आहे, नोकरीला जावं लागेलच. पण रिकाम्या हाताने जाऊ नये. पुण्याच्या नॉडिंग हेड्सवाल्यांनी 'राजी'साठी 2017 मध्ये लोकांकडून वर्गणी मागितली, ती पुरी जमली नाही. तरी त्यांनी गेम सोडला नाही. 2020 मध्ये तो बाहेर आला आणि जगभर खेळला गेला. हमी त्यांनाही कोणी दिली नव्हती.

आणि हमी देणार कोण? 2023 पासून या धंद्यात जगभर हजारो तयार, अनुभवी माणसांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांना जे राखता आलं नाही, ते क्लासवाला तुमच्या बंड्याला राखून देणार?

तेव्हा आप्पा, मुलाला सहा महिने द्या, एक बरा संगणक द्या, आणि 'खेळत बसलाय' म्हणू नका. एक गेम पुरा झाला की मग फीचं बघू. गेममध्ये हरलं की 'पुन्हा खेळा'चं बटण असतं. सातबाऱ्यावर ते नसतं.